पेटीपासून झाडापर्यंत: केसर आंब्याचा माग कसा ठेवायचा

केज तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. अडीच एकरांत केसरची ५०० झाडं, सातवं वर्ष. आजवर बाग व्यापाऱ्याला उक्ती द्यायचे. यंदा दोन ठिकाणांहून विचारणा आली. पुण्यातल्या काही सोसायट्यांना थेट पेट्या हव्यात, पण पेटीवर क्यूआर कोड पाहिजे म्हणतात. दुसरा निर्यातदार आहे, तो म्हणतो ‘पूर्ण ट्रेसिबिलिटी’ द्या, म्हणजे पेटीतला आंबा कुठून आला याचा पूर्ण माग. ताई विचारतात, हे नुसतं स्टिकरचं काम आहे का? किती लिहावं लागतं? खर्च किती? आणि आंबे उतरवण्याच्या कामावर सासूबाई असतात, त्यांना लिहिता-वाचता येत नाही, मग कसं जमायचं?

ताई, स्टिकर सगळ्यात शेवटी येतं. ते दोन दिवसांत छापून मिळतं. त्याच्या मागे जे असायला हवं त्याला चार महिने लागतात, आणि ते मोहोर फुटल्यापासून सुरू होतं.

आपल्याकडे जनावर चुकलं की खुरांचा माग काढत जातात. माग कुठवर टिकतो? आडवा दुसरा कळप जाईपर्यंत. तो गेला की खुरांत खुर मिसळतात आणि पुढचं काही सांगता येत नाही. फळांच्या धंद्यात अगदी हेच होतं. माग हरवतो तो न लिहिल्यामुळे कमी आणि मिसळल्यामुळे जास्त. म्हणून तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर एका वाक्यात असं आहे: माल मिसळू देऊ नका. बाकीचं सगळं त्याच्याभोवती येतं.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. आमच्या शेतकरी गटाच्या शेडवर २०१७ च्या मे महिन्यात तीन शेतकऱ्यांचा माल एकाच दिवशी आला. घाई होती, टेम्पो उभा होता. तिघांचे क्रेट एका टेबलावर रिकामे केले, प्रतवारी केली, पेट्या भरल्या. पाचव्या दिवशी खरेदीदाराचे फोटो आले. देठाजवळून काळे पडलेले, दाबलं की पाणी सुटणारे आंबे. देठकूज. पेट्या २१२, त्यांतल्या साठ-सत्तर खराब. कोणाचा माल? सांगता येईना. शेवटी कपात तिघांत सारखी वाटली. त्या तिघांतले एक वयस्कर काका, स्वतः झाडावर चढून देठ राखून आंबा उतरवणारे. त्यांच्या हिशोबपट्टीतूनही पैसे कापले गेले. ते काही बोलले नाहीत, पट्टी घडी करून खिशात घातली आणि गेले. ती कपात मी केली होती, आणि ती चूक होती की बरोबर हे सिद्ध करायला माझ्याकडे कागदाचा चिटोरा नव्हता. दुसऱ्या वर्षापासून प्रत्येक शेतकऱ्याचा, प्रत्येक दिवसाचा लॉट वेगळा ठेवला. तेव्हा कळलं की देठकूज येते ती बहुतेक वळवाच्या पावसानंतर लगेच उतरवलेल्या आणि देठ तुटलेल्या मालात. आधीच्या वर्षी ते दिसलंच नसतं, कारण सगळं एका ढिगात होतं.

तर मागाचा पहिला फायदा खरेदीदाराचा नाही, चांगलं काम करणाऱ्या शेतकऱ्याचा आहे.

आता निर्यातदार काय मागतो ते बघू. युरोपच्या अन्नकायद्यात २००५ पासून अट आहे की साखळीतल्या प्रत्येकाला एक पाऊल मागचं आणि एक पाऊल पुढचं सांगता आलं पाहिजे. म्हणजे माल कोणाकडून घेतला आणि कोणाला दिला. तुमच्या बाबतीत मागचं पाऊल म्हणजे तुमचं वावर, तिथली झाडं, तिथल्या फवारण्या. पुढचं पाऊल म्हणजे शेड किंवा सोसायटीतला ग्राहक. एवढंच आहे. ऐकायला अवघड वाटतं, पण तुमचा माल एकाच गट नंबरच्या जमिनीतला असेल तर मोठ्या व्यापाऱ्यापेक्षा तुम्हाला हे किती तरी सोपं जातं.

सुरुवात बागेपासून. ५०० झाडांची बाग एकच समजू नका. पाणी, माती, छाटणी वेगळी असते. विहिरीजवळची झाडं आधी मोहरतात, बरडावरची मागून. दोन किंवा तीन तुकडे करा आणि त्यांना घरात ज्या नावानं ओळखता तीच नावं द्या: विहिरीकडचा, बरडाचा, रस्त्याचा. प्रत्येक तुकड्याच्या पहिल्या आणि शेवटच्या झाडाला रंगाचा पट्टा मारा. मजुराला ‘पहिल्या आठ ओळी’ सांगितलं तर तो विसरतो, ‘लाल पट्ट्यापर्यंत’ सांगितलं तर विसरत नाही.

मग फवारणीची वही. ही वही घरात नको, औषधं ठेवता तिथेच, खिळ्याला दोरीनं बांधलेली. नमुन्याला एक नोंद देतो: ‘१२ जानेवारी, सकाळी ७ ते १०. बरडाचा तुकडा, १६० झाडं. भुरीसाठी पाण्यात विरघळणारं गंधक ८० टक्के, २०० लिटरला ४०० ग्रॅम, एकूण दोन टाक्या. पुडीचा बॅच क्रमांक. फवारलं कोणी. वारा पश्चिमेचा, हलका.’ पाच ओळी. त्याच दिवशी लिहायची. रविवारी बसून आठवड्याची वही भरली की ती वही राहत नाही, ती गोष्ट होते. तपासणीला येणाऱ्या माणसाला एकाच पेनानं, एकाच दाबानं लिहिलेली बारा पानं दिसली की तो ओळखतो.

बॅच क्रमांक का? एकदा आमच्याच गटातल्या एका बागेच्या नमुन्यात असं कीटकनाशक निघालं जे त्यानं कधी विकतच घेतलं नव्हतं. बिलं आणि बॅच क्रमांक होते म्हणून शोध लागला. ‘जैविक’ म्हणून विकलेल्या बाटलीत रसायन मिसळलेलं होतं. त्याच बॅचची बाटली आणखी चौघांकडे होती, त्यांना वेळेत थांबवता आलं. बिलाशिवाय औषध घेऊ नका, आणि रिकाम्या बाटलीच्या लेबलचा फोटो काढून ठेवा.

फळात उरणाऱ्या औषधाच्या अंशाचं गणित किती बारीक असतं ते लक्षात घ्या. युरोपात ज्या औषधाला वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याला सरसकट ०.०१ मिलिग्रॅम प्रति किलो ही मर्यादा लागते. म्हणजे १०० टन आंब्यात १ ग्रॅम. २०२० नंतर क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकालाही तिथे हीच मर्यादा आहे, आणि आपल्याकडे वाळवीसाठी, खोडकिड्यासाठी ते अजून सहज हातात येतं. बांधाला बांध लागून कापूस असेल तर शेजाऱ्याची फवारणीसुद्धा तुमच्या कडेच्या ओळीवर येऊ शकते. म्हणून कडेच्या ओळींचा माल निर्यातीच्या लॉटमध्ये घालूच नका, असं मी स्पष्ट सांगतो. शेवटच्या फवारणीपासून उतरवणीपर्यंतचे दिवस लेबलवर दिलेले असतात, ते मोजा. दर चढलाय म्हणून चार दिवस आधी आंबा उतरवला की वर्षभराची मेहनत प्रयोगशाळेत नापास होते.

निर्यातीसाठी बागेची नोंदणी लागते. अपेडा म्हणजे शेतमाल निर्यातीचं काम बघणारी केंद्राची संस्था, तिच्या हॉर्टिनेट या ऑनलाइन नोंदणी व्यवस्थेत आंब्यासाठी मँगोनेट आहे. कृषी विभागाकडे अर्ज करायचा, सोबत सातबारा आणि बागेचा नकाशा. सातबाऱ्यावर आंब्याची नोंद नसली तर गाडी तिथेच अडते. ई-पीक पाहणीत बाग नोंदवली आहे का हे आजच बघा. नोंदणीचा क्रमांक मिळाला की तो पुढे तुमच्या मालाचं आडनाव होतो. द्राक्षासाठी ही पद्धत २००६ च्या सुमारास सुरू झाली. जालन्याच्या कडवंचीसारख्या द्राक्षाच्या गावात जाऊन दोन तास बसलात तर छाटणीच्या तारखेपासून सगळं लिहायची सवय कशी असते ते डोळ्यांनी दिसेल.

फळमाशीबद्दल एवढंच की तिला हलक्यात घेऊ नका. मे २०१४ मध्ये युरोपनं भारतीय आंब्याची आवक थांबवली ती फळमाशीमुळेच, आणि ती बंदी २०१५ च्या सुरुवातीला उठली. तेव्हापासून तिकडे जाणाऱ्या आंब्याला ४८ अंशांच्या गरम पाण्यात ६० मिनिटं ठेवण्याची प्रक्रिया करतात. अमेरिकेला पाठवायचा तर विकिरण, म्हणजे फळावर किरणांची प्रक्रिया. जालन्याला पणन मंडळाचं केसर आंब्यासाठी निर्यात सुविधा केंद्र आहे, एकदा जाऊन पाहा. पण माशी थांबवायची ती बागेत. नर माशीला ओढणाऱ्या मिथाईल युजेनॉलचे सापळे कैरी मोठी होतानाच लावा, पडलेली फळं रोज गोळा करून खोल पुरा, आणि सापळ्यांत किती माशा आल्या तो आकडा आठवड्याला वहीत लिहा.

आता उतरवणी. इथे मी जास्त थांबणार आहे, कारण चांगला लिहिलेला माग इथेच तुटतो आणि चांगला वाढलेला आंबाही इथेच नासतो.

केसर फळधारणेपासून साधारण साडेतीन ते चार महिन्यांत तयार होतो, पण मराठवाड्याच्या उन्हात दिवस मोजून भागत नाही. फळ हातात घ्या. देठाच्या दोन्ही बाजूंचे खांदे वर आले असतील आणि देठ खळीत बसला असेल, तर फळ भरलं. साल गर्द हिरवीची फिकट होते, त्यावरचे ठिपके उठून दिसतात. खात्रीसाठी बादलीत पाणी घ्या आणि एकाच तुकड्यातली दहा फळं टाका. तळाला जाईल तो तयार, तरंगेल तो कोवळा. दहातली आठ-नऊ बुडाली तरच तो तुकडा उतरवायला घ्या. एखाद्या झाडाला पाड लागला, म्हणजे एखादं फळ झाडावरच पिकलं, म्हणून सगळी बाग तयार झाली असं धरू नका.

पहाटे सुरू करा, साडेनऊ-दहाला थांबा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२ च्या वर असतो, दुपारी उतरवलेल्या फळाच्या पोटात ती उष्णता तशीच राहते. पाऊस झाला तर दुसऱ्या दिवशी उतरवू नका, झाडं आणि फळं नीट कोरडी होऊ द्या. झेल्याला, म्हणजे आंबे उतरवायच्या जाळीच्या काठीला, पातं हवं, ओढून तोडायचं नाही. आंबा बोटभर देठासह खाली आला पाहिजे. मग सावलीत बसून तो देठ कात्रीनं अर्धा-एक सेंटिमीटर ठेवून कापायचा आणि फळ लगेच पालथं करायचं, देठ खाली. चिकाचा पहिला थेंब जोरात उडतो. तो सालीवर आला की दोन दिवसांत तिथे काळा ओघळ उमटतो आणि तो कशानं जात नाही. आमच्याकडे बाजेवर जाळी ताणलेली असते. आंबे त्या जाळीच्या घरांत पालथे ठेवतात, चीक खाली गळून जातो. अर्ध्या तासानं ते क्रेटमध्ये. क्रेटच्या तळाला वर्तमानपत्र, वर तीन थरांपेक्षा जास्त नाही. फळ जमिनीला लागता कामा नये. देठकुजीची बुरशी बागेतल्या वाळक्या काड्यांवरही जगते, म्हणून वाळकी फांदी छाटून बागेबाहेर नेणं हेही उतरवणीच्याच तयारीतलं काम समजा.

आणि क्रेट भरला त्या क्षणी, झाडाखालीच, त्याला चिठ्ठी बांधायची. शेडवर नेऊन नव्हे. चिठ्ठीवर तीन गोष्टी पुरतात: तुकडा, तारीख, फेरी. ‘ब-१४०५-२’ म्हणजे बरडाचा तुकडा, १४ मे, दुसरी फेरी. हाच तुमचा लॉट क्रमांक. यासाठी ना संगणक लागतो, ना ॲप. चिठ्ठी जाड पुठ्ठ्याची, सुतळीनं क्रेटच्या कडीला बांधलेली, लिहायला पाण्यानं न पसरणारं पेन. क्रेट रिकामा झाला की चिठ्ठी सोडवून टाकायची. जुनी चिठ्ठी बांधलेल्या क्रेटमध्ये नवा माल भरला जाणं ही मी सगळ्यात जास्त वेळा पाहिलेली चूक आहे.

शेडमध्ये एका वेळी एकच लॉट टेबलावर घ्या. तो संपला, टेबल पुसलं, डागी माल मोजून बाजूला काढला, मगच दुसरा. दहा मिनिटं जास्त लागतात.

पिकवण्याबद्दल लोक भीत भीत विचारतात, म्हणून सरळ सांगतो. कॅल्शियम कार्बाइड नाही म्हणजे नाही. कायद्यानं त्याला बंदी आहे, त्यातून निघणाऱ्या वायूसोबत आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश येतात, आणि फळ वरून पिवळं दिसलं तरी आत आंबटच राहतं. इथिलीन वायूला परवानगी आहे, १०० पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग), नीट रायपनिंग चेंबरमध्ये, म्हणजे फळं पिकवायच्या बंद खोलीत. इथेफॉन या पिकवायच्या रसायनाच्या पाण्यात आंबे बुडवणं चालत नाही. सोसायटीचा ग्राहक असेल तर तुमची घरची अढी उत्तम. फक्त अढीतही लॉट वेगळे ठेवा, प्रत्येक अढीवर चिठ्ठी खोवा आणि घातल्याची तारीख लिहा. शीतगृहात ठेवायची वेळ आली तर कच्चा केसर १२-१३ अंशांच्या खाली नेऊ नका. थंडीनं सालीवर डाग पडतात आणि नंतर तो धड पिकत नाही.

आता वजनाचा ताळा, ज्याबद्दल फार कमी लोक बोलतात. समजा तुमच्या बागेतून ५ टन उतरले. १० टक्के डागी आणि बारीक म्हणून बाजूला गेले. उरले ४५०० किलो, म्हणजे कच्च्या मालाच्या तीन किलोच्या १५०० पेट्या. तुमच्या नावाची लेबलं १५०० च्या आसपास गेली तर ताळा जुळला. २२०० गेली असतील तर ७०० पेट्यांत कोणाचा आंबा होता? चांगला तपासनीस आधी हाच हिशोब मांडतो. आणि हा मोह तुम्हाला होणार, ताई. मागणी ३०० पेट्यांची असेल, तुमच्याकडे २०० निघतील, आणि शेजारच्या बागेत चांगला माल दिसेल. तो जरूर घ्या, पण त्यांच्या लॉट क्रमांकानं, त्यांच्या नावानं विका. ग्राहकाला सांगा की या पेट्या शेजारच्या बागेतल्या आहेत. मला ग्राहकांचा अनुभव असा आहे की खरं सांगितलं तर कोणी पाठ फिरवत नाही. न सांगता मिसळलं आणि त्यात एक पेटी खराब निघाली, तर तुमच्या सगळ्या चांगल्या पेट्या संशयात येतात.

भौगोलिक मानांकनाचंही, म्हणजे ठरावीक भागातल्या मालाला मिळणाऱ्या कायदेशीर ओळखीचंही तेच. मराठवाडा केसरला २०१६ मध्ये मानांकन मिळालं, बीडच्या सीताफळाला आणि जालन्याच्या मोसंबीलाही त्याच वर्षी. पण ते चिन्ह वापरायचं तर तुम्ही स्वतः अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करायला हवी. आपण मराठवाड्यात राहतो म्हणून चिन्ह छापता येत नाही. ही नोंदणी करून घ्या. गीरच्या केसरला त्याचं वेगळं मानांकन आहे, आणि बाजारात दोन्ही आंबे एकाच ‘केसर’ नावानं विकले जातात. आपला आंबा आपल्या नावानं विकला जावा असं मला मनापासून वाटतं.

अडतीवर जाणारा डागी किंवा बारीक माल असेल तर त्याच्यावर लेबलचा खर्च करू नका. तिथे ढीग झाला की माग संपला. फवारणीची वही मात्र त्या मालालाही लागू आहे, खाणारं माणूसच आहे.

क्यूआर कोडचं काम सोपं आहे. प्रत्येक लॉटचं एक पान, त्यावर तुकड्याचं नाव, उतरवल्याची तारीख, शेवटची फवारणी कोणती आणि कधी, कसा पिकवला, आणि तुमचा फोन. मोफत साधनांतूनही कोड बनतो, खर्च फक्त छपाईचा. बागेचे सुंदर फोटो घालून लॉटची माहितीच न देणारे कोड मी पुष्कळ पाहिले. लॉट बदलला तरी कोड तोच असेल तर ती जाहिरात झाली. तुमच्या कोडवर तारीख बदलली पाहिजे.

सगळं बसवलं की एकदा उलटं चालून बघा. विकायला निघालेल्या पेट्यांतली कोणतीही एक घ्या आणि घड्याळ लावा. लॉट कोणता, कोणत्या तुकड्यातला, कोणी उतरवला, शेवटची फवारणी कधीची, त्याच लॉटच्या आणखी किती पेट्या आणि त्या कोणाकोणाकडे गेल्या? अर्ध्या तासात वहीतून उत्तर निघालं तर निर्यातदाराला बिनधास्त हो म्हणा. नाही निघालं तर कुठे अडलं ते लगेच दिसेल. आम्ही दर हंगामात दोनदा हे करतो, आणि अजूनही एखादी चिठ्ठी हरवलेली सापडते.

राहिल्या सासूबाई. त्यांना या कामातून बाजूला करू नका. कोणतं झाड आधी पाडाला येतं, कोणत्या झाडाचा आंबा साक्याचा (आतून पांढरट, स्पंजासारखा) निघतो, हे त्यांना वहीपेक्षा जास्त ठाऊक असणार. अक्षरांऐवजी रंग वापरा. विहिरीकडच्या तुकड्याला लाल चिंधी, बरडाच्याला पिवळी, रस्त्याच्याला निळी, झाडावर जो पट्टा तीच चिंधी क्रेटला. फेरीसाठी गाठी: पहिल्या फेरीला एक, दुसरीला दोन. रोज सकाळी फक्त त्या दिवसापुरत्या चिंध्या त्यांच्या हाती द्या आणि संध्याकाळी उरलेल्या मोजून परत घ्या. किती क्रेट भरले तेही त्यावरूनच कळतं. क्रेट शेडवर आले की तुम्ही किंवा मुलांनी प्रत्येकाचा चिंधीसह फोटो काढायचा, मोबाईलमध्ये तारीख आपोआप येते, आणि त्यावरून रात्री चिठ्ठ्या आणि वही पूर्ण करायची. आमच्या गटातल्या तीन बागा अशाच चिंध्यांवर चालतात. लागणारं कापड जुन्या सुती साडीचं घ्या, नायलॉनची गाठ क्रेटच्या कडीवर सुटते.